पगार सारखा, मग पेन्शन कमी का?

आमच्या बँकेत स्त्रियांना कमी पगार मिळतो का, असे कोणी विचारले तर मी शपथेवर ‘नाही’ म्हणेन. मूळ वेतन, महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ हे सारे द्विपक्षीय करारात ठरते आणि सर्वांना सारखे लागू होते. लिपिकाच्या वेतनश्रेणीला मिशा नसतात! तरीही गेल्या पंचवीस वर्षांत मी जेवढे निरोपसमारंभ पाहिले, त्यांत बाईंची पेन्शन त्यांच्याबरोबर लागलेल्या पुरुष सहकाऱ्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच निघाली. अपहार कोणी केलेला नाही, मग फरक पडला कुठे? ताळा जुळला नाही की एकेक नोंद तपासत मागे जायचे, ही आम्हा कारकुनांची सवय. तसेच इथेही करावे लागेल.

कायद्याची बाजू पक्की आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व घटनेच्या ३९व्या अनुच्छेदात आहे. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, तो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळे. ऑड्री डिकॉस्टा यांनी तो वाद लढवला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कंपनीची ऐपत नाही, ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. पण हा कायदा एकाच खुर्चीवर बसलेल्या दोघांना लागू पडतो. दोघांपैकी एक त्या खुर्चीवरून उठून वरच्या खुर्चीवर गेला, तर कायदा काय करणार?

आणि नेमके तेच होते. लिपिकाचा अधिकारी व्हायचा म्हणजे बहुधा बदली आलीच. माझ्या तुकडीतले बहुतेक पुरुष परीक्षा देऊन, कच्छ-सौराष्ट्रात दोन-तीन वर्षे काढून वर गेले. त्यांच्या मागे मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे आणि गॅसचा नंबर सांभाळायला घरात माणूस होते. आम्ही बायका कॅश काउंटरवर राहिलो आणि वेतनश्रेणीच्या टोकाला पोहोचून स्टॅग्नेशन इन्क्रिमेंटची वाट पाहू लागलो. मीही बढतीचा फॉर्म भरला नाही. मुलगी तिसरीत होती, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. त्याचा पश्चात्ताप नाही. पण निर्णय सबंध घराच्या सोयीचा आणि तूट मात्र एकीच्याच खात्यावर, हा कुठला जमाखर्च?

अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर पडू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडच्या कोणत्याही शाखेतल्या हेड कॅशियर बाईंनी ते चहाच्या सुट्टीत सांगितले असते.

आता थोडे आकडे. आमच्या जुन्या पेन्शन योजनेत ३३ वर्षे सेवा झाली की पगाराच्या निम्मी पेन्शन बसते. पेन्शनला धरला जाणारा पगार ८० हजार असेल तर ४० हजार. बिनपगारी रजा सहसा या सेवेत मोजली जात नाही. बाळंतपण, आजारपण, बारावीचे वर्ष अशा निमित्तांनी पाच वर्षे गेली आणि सेवा २८ भरली, तर पेन्शन सुमारे ३४ हजार. महिन्याला सहा हजार कमी, तेही हयातभर.

१ एप्रिल २०१० पासून लागलेल्या मुलींना ही जुनी पेन्शनही नाही. त्यांची एनपीएस, खासगी नोकरीतल्यांचा फंड. तिथे जेवढे साठेल तेवढेच. समजा, वर्षाला २४ हजार साठत होते आणि तिसाव्या वर्षापासून आठ वर्षे ते थांबले. न भरलेली रक्कम १ लाख ९२ हजार. आठ टक्के चक्रवाढीने अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे जवळजवळ १२ लाख झाले असते. आमच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षिका नवऱ्याच्या बदलीपायी राजीनामा देत आणि फंड काढून घराच्या बांधकामात घालत. घर अर्थातच नवऱ्याच्या नावावर! नव्या मुलींचा सुरुवातीचा पगार आम्हाला स्वप्नातही दिसला नव्हता, पण खंड पडला तर त्यांचे नुकसान आमच्याहून मोठे आहे.

आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींसुद्धा. त्याचा अभिमान आपण प्रत्येक भाषणात मिरवतो. मात्र स्थळ पाहताना आजही मुलीच्याच बापाला विचारले जाते, ‘बदलीची नोकरी नाही ना?’ मुलाच्या बापाला हा प्रश्न केलेला मी तरी ऐकलेला नाही.

सरकारही फार पुढे नाही. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, ‘मानधन’ असते. आपल्या शेजारच्या दाहोद जिल्ह्यातल्या सेविकांना ग्रॅच्युइटी मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२२ मध्ये ती त्यांना मान्य झाली. प्रसूती रजा २०१७ मध्ये १२ वरून २६ आठवड्यांची झाली हे चांगलेच, पण त्या रजेचा पगार एकट्या मालकाने द्यायचा. मग छोटा मालक मुलीला नोकरीवरच घेताना कचरतो. पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या किती पेढ्यांत पन्नास माणसे असतात? निवडणुकीत उमेदवार आपल्या सभागृहात येतात तेव्हा आपण चौकाला नाव द्या म्हणतो. वॉर्डात संध्याकाळी सहापर्यंत चालणारे पाळणाघर द्या, असे एकदा म्हणून पाहावे.

घरातही एक गोष्ट सहज करता येईल. पत्नीने घरासाठी नोकरी सोडली किंवा बढती नाकारली, तर पतीने दरवर्षी तिच्या नावाच्या पीपीएफ खात्यात रक्कम भरावी. दीड लाखापर्यंत भरता येते, व्याजाला कर नाही. उपकार म्हणून नको, तिच्या हिश्शाची भरपाई म्हणून.

आणि आपले मंडळ? सभागृह सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कुलूपबंद असते. तिथे सशुल्क पाळणाघर चालवावे, सांभाळणाऱ्या बायकांना मानधन न देता किमान वेतनाप्रमाणे पगार द्यावा, असा ठराव मी वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. अनुमोदकाच्या सहीची जागा अजून रिकामी आहे.