पाण्यातले बाळंतपण : लेकीचा हट्ट आणि आईची काळजी



पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लेकीला सातवा लागला, ओटी भरली, की तिला घरी आणायचे. डिंक-आळीव आणून ठेवायचे, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायची, अंगणात बाज टाकायची. पण हल्ली लेकी लांब नांदतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडचेच पाहा. माजिवड्यापासून खाडीकाठच्या घोडबंदर गावापर्यंत जाणारा हा रस्ता. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही त्यावरची नावे मुळात गावांची आणि पाड्यांची. जिथे भातखाचरे होती तिथे आता पंचवीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांत आपल्याच गावाकडच्या लेकी-सुना राहतात. अशीच एखादी लेक फोनवर सांगते, "आई, मी पाण्यात बाळंत व्हायचे म्हणते."

आईच्या हातातले काम गळून पडते. "पाण्यात? अगं, बाळ गुदमरेल ना!"

लेक म्हणते, तू जुन्या काळातली. आई म्हणते, तुला शहराचे वारे लागले. दोघींचेही बोलणे तिथेच तुटते. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी नीट समजून घेऊ. आईचे भय खोटे नाही आणि लेकीचे म्हणणेही अगदीच वेडेपणाचे नाही.

हे आहे तरी काय?

कळा सुरू झाल्या की बाईला कोमट पाण्याच्या मोठ्या टाकीत बसवतात. पाणी तिच्या पोटावर, छातीपर्यंत येते. काही बायका कळा सोसण्यापुरत्या पाण्यात बसतात आणि बाळ यायच्या वेळी बाहेर येऊन खाटेवर बाळंत होतात. काहींचे बाळ पाण्यातच जन्मते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे पक्के ध्यानात ठेवा. पुढचे सगळे बोलणे या फरकावर उभे आहे.

ही कल्पना फार नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये एक बाई दोन दिवस कळा देऊन थकली, विसाव्यासाठी ऊन पाण्यात बसली आणि तिथेच सुटली, अशी नोंद आहे. पुढे फ्रान्समधल्याच पिथिव्हिए गावच्या दवाखान्यात डॉ. मिशेल ओदाँ यांनी अडलेल्या बायकांना आराम पडावा म्हणून पाण्याची टाकी ठेवली. पाण्यात झालेल्या शंभर बाळंतपणांचा अनुभव त्यांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तिथून ही पद्धत इंग्लंड आणि इतर देशांत गेली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मोजक्या खाजगी ठिकाणी आणि गोव्याकडे ती आली. सिनेनटी कल्की कोचलिन हिची मुलगी २०२० साली अशीच पाण्यात जन्मली आणि त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली.

बाळ गुदमरत कसे नाही?

बाळ आईच्या पोटात नऊ महिने पाण्यातच असते. तिथे ते नाकाने श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून, नाळेवाटे मिळतो. बाहेर आल्यावर हवा तोंडाला लागली, गारवा जाणवला, की ते पहिला श्वास घेते आणि रडते. म्हणून निरोगी बाळ कोमट पाण्यात बाहेर आले आणि लगेच, क्षणाचाही उशीर न करता, वर उचलले तर ते सहसा पाणी ओढत नाही.

पण यात 'निरोगी' हा शब्द महत्त्वाचा आहे. जे बाळ आतच घाबरे झाले आहे, ज्याला प्राणवायू कमी पडतो आहे, ते पाण्याखालीच श्वास घेण्याची धडपड करू शकते. मग पाणी फुप्फुसात जाते. म्हणजे आईच्या मनात आलेली शंका बरोबर जागीच होती. दुसरा धोका नाळेचा. बाळ घाईने वर ओढले आणि नाळ आखूड असली तर ती तुटू शकते. लगेच चिमटा लावला नाही तर बाळाचे रक्त जाते. तिसरा धोका जंतूंचा. साचलेल्या कोमट पाण्यात आणि नळ्यांत जंतू वाढतात. त्यातून परदेशात तान्ह्या बाळांना फुप्फुसाचे गंभीर आजार झाल्याची उदाहरणे आहेत.

जाणते काय म्हणतात?

कळांच्या वेळी पाण्यात बसण्याबद्दल फारसा वाद नाही. वेगवेगळ्या देशांतले १५ अभ्यास, त्यांतल्या ३,६६३ बायका, यांचा एकत्र हिशोब २०१८ साली मांडला गेला. कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसलेल्या बायकांपैकी कमी जणींना पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन घ्यावे लागले आणि बाळाला त्यापासून अपाय झाल्याचे दिसले नाही. कारण समजण्यासारखे आहे. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, उष्णतेने स्नायू सैल पडतात, कूस बदलायला, उकिडवे बसायला सोपे जाते. शेतातून आल्यावर ऊन पाण्याचे दोन तांबे कमरेवर घेतले की कसे वाटते, ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

मतभेद आहे तो पाण्यातच मूल होऊ देण्याविषयी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले, की कळा पाण्यात सोसायला हरकत नाही, पण बाळ जमिनीवर, म्हणजे पाण्याबाहेर जन्मावे. इंग्लंडमध्ये मात्र अनेक सरकारी दवाखान्यांत अशी सोय आहे. तिथल्या २६ आरोग्यसंस्थांमधल्या साठ हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासून २०२४ साली अहवाल निघाला. ज्यांच्या बाळंतपणात कसलीच अडचण नव्हती अशा बायकांना आणि त्यांच्या बाळांना पाण्यात प्रसूती झाल्याने जास्त धोका झालेला दिसला नाही.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट विसरू नका. तिथे प्रत्येक बाईजवळ शिकलेली सुईण असते. ती पाण्याचा आणि बाईच्या अंगाचा ताप दर तासाला मोजते, पाणी साडेसदतीस अंशांपुढे जाऊ देत नाही, बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकते. जरा खोट वाटली की बाईला पाण्याबाहेर काढते, आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी असते. नुसती टाकी आणली आणि बाकीचे सोडले, तर तो अहवाल आपल्या उपयोगाचा नाही.

कुणी या वाटेला जाऊच नये?

ज्यांचा रक्तदाब वाढला आहे, ज्यांना झटके आले आहेत, ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे, जुळे आहे, बाळ पायाळू किंवा आडवे आहे, आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले आहे, दिवस पुरे भरलेले नाहीत, अंगावरून रक्त जाते आहे, ताप आहे किंवा पाणमोट फुटून हिरवट पाणी येते आहे, अशांनी पाण्यातल्या बाळंतपणाचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या पोटुशी बायका घरोघरी आहेत. बाळंतपणात किती रक्त गेले हे पाण्यात नीट कळत नाही. ज्या बाईच्या अंगात मुळातच कमी आहे तिला हा अंदाज चुकणे परवडत नाही.

आणि घरच्या घरी, पिंपात, हौदात किंवा विकत आणलेल्या रबरी टाकीत हा प्रयोग कदापि करू नये. अशा टाकीला पाचशे लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. म्हणजे तीस-पस्तीस हंडे, तेही स्वच्छ आणि एकसारखे कोमट. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या कित्येक इमारतींना टँकरची वाट पाहावी लागते. शहापुरात भातसा, तानसा ही धरणे. त्यांचे पाणी शहरांना जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया हंडाभर पाण्यासाठी ताटकळतात. टँकरच्या पाण्याची शुद्धता कोण सांगणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ घरीच बाळंतपण करण्याच्या हट्टापायी आई आणि बाळ दोघेही दगावले. नवऱ्याला अटक झाली, पण गेलेला जीव परत आला नाही.

आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या पाहणीत शंभरातली सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख बाळंतपणांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हे सुख आपल्या आज्यांच्या नशिबी नव्हते. ते हातचे घालवू नका.

मग लेक असा हट्ट का धरते?

हे मात्र आईने शांतपणे ऐकून घ्यावे. त्याच पाहणीप्रमाणे देशात खाजगी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांपैकी ४७ पोट चिरून झाली. सरकारी दवाखान्यांत १४. काही ठिकाणी ते खरेच गरजेचे असते, त्याने जीव वाचतात. पण लेकीच्या मनात भय बसते, की आपल्यालाही कारण नसताना चिरतील. शिवाय दवाखान्यात गेले की खाटेवर उताणे झोपवतात, हलू देत नाहीत, ओरडले तर खेकसतात, जवळ आपले माणूस नाही. या भयातून ती टाकीचे स्वप्न पाहते. तिला हवी असते ती मोकळीक, ऊब आणि पाठीवर फिरणारा एक हात.

यातले बरेचसे टाकीवाचूनही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत हेच सांगितले आहे. बाईच्या पसंतीचे एक माणूस शेवटपर्यंत सोबत असावे. अडचण नसेल तर तिला चालू-फिरू द्यावे, हवे तसे बसू द्यावे. पेज, पाणी, सरबत घेऊ द्यावे. दुखऱ्या कमरेला ऊन फडक्याचा शेक द्यावा, पाठ चोळावी. वरून पोट दाबून बाळ ढकलू नये.

दवाखाना ठरवताना हे विचारा

लेक ठाण्यात बाळंत होणार असो की माहेरी, सातव्या-आठव्या महिन्यातच दवाखान्यात जाऊन विचारून घ्या. लाजू नका.

१. कळांच्या वेळी आई, सासू किंवा नवरा यांपैकी एकाला आत राहू देता का?

२. चालू-फिरू देता का? ऊन पाण्याने अंग शेकायची सोय आहे का?

३. रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त मिळते का?

४. बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणारे माणूस आणि साधन तिथेच आहे का?

५. पाण्याची टाकी असेल तर : ती कशी धुता, पाणी कुठून आणता, आजवर किती बाळंतपणे तुम्ही अशी केलीत, आणि ऐनवेळी बाईला बाहेर काढायला किती माणसे असतात?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर पाचवा विचारायची गरज नाही. दुसरा दवाखाना पाहा.

आणखी एक. घोडबंदर रोडवर वाहनांची गर्दी कशी असते ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. गायमुखच्या घाटात गाडी अडकली तर तास कसा जातो कळत नाही. म्हणून दवाखाना शक्यतो घराच्याच बाजूचा ठरवावा आणि कळा नियमित येऊ लागल्या की निघावे. गावाकडेही तेच. ओढा ओलांडायचा असेल, पावसाळा असेल, तर दिवस भरण्याआधीच तालुक्याच्या गावी नातलगाकडे जाऊन राहावे. १०८ किंवा १०२ या क्रमांकावर गाडी मिळते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, लागली तर शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हा आपला हक्क आहे, मागून घ्यावा.

अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, हिरवट पाणी जाणे, यांतले एकही दिसले तर 'सकाळी बघू' म्हणू नका.

शेवटी एक पाण्याचीच गोष्ट

बाळ जन्मले की त्याला लगेच आंघोळ घालायची घाई आपल्या घरांतून फार. ती करू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला, तासाभरात अंगावर पाजा. पहिला चीक पिळून टाकू नका. मध, गुळाचे पाणी चाटवू नका. पहिली आंघोळ निदान एक दिवस थांबू द्या. गारठून कितीतरी कोवळी बाळे आजारी पडतात.

तेव्हा लेकीचा फोन आला तर एकदम 'नाही' म्हणून ठेवून देऊ नका. तिला विचारा, 'तुला भीती कशाची वाटते?' ती काय सांगते ते सगळे ऐका. मग दोघी मिळून डॉक्टरांकडे जा आणि वरचे प्रश्न विचारा. बाईचा तो दुसरा जन्म असतो असे आपण म्हणतो. त्या रात्री आपली आई शेजारी आहे, तिने आपले ऐकले आहे, एवढे कळले तरी लेकीच्या जिवाला केवढा तरी धीर येतो.