टेकलेली मोटार

गाडी जमिनीला टेकवून हिंडवायची ही हौस मला साफ नामंजूर आहे. १८५/६५ आर १५ टायरला रिमखाली १२० मिलिमीटर रबर असतं. हौशी मंडळी २०५/४५ आर १७ चढवतात, तिथे उरतं ९२. म्हणजे खड्ड्याचा दणका थेट रिमला, तिथून मणक्याला! वर चाकं माथ्याकडून आत कलवायची. याला म्हणे निगेटिव्ह कॅम्बर. शर्यतीत भरधाव वळताना पकड मिळते, कबूल. पण गुलमंडीवर सुपारी मारुतीसमोर हातगाडीमागून सरकताना कसली पकड? टायर आतल्या कडेने झिजतो, बाहेरून कोरा करकरीत. फुटेपर्यंत पत्ता नाही. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावलंय. ऐकतो कोण? गतिरोधक आला की हेच वीर चार मित्रांना खाली उतरवतात, गाडी तिरकी घालतात, आणि मागे आम्ही स्कूटरवाले हॉर्न वाजवत उभे!