व्हायकिंगने खरोखर काय सिद्ध केले?

१/ ‘मंगळाच्या मातीत सेंद्रिय द्रव्य नाही, हे १९७६ साली व्हायकिंग यानांनी सिद्ध केले.’ हे विधान आजही बिनदिक्कत केले जाते. ते टिकणारे नाही. दोष यानांचा नाही. उणीव होती पृथ्वीवरच्या एका साध्या प्रयोगाची.

२/ २० जुलै आणि ३ सप्टेंबर १९७६ रोजी दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली. त्यांनी माती ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाहेर पडणारे वायू तपासले. पाणी व कार्बन डायऑक्साइडखेरीज क्लोरोमीथेन व डायक्लोरोमीथेन यांचे अत्यल्प अंश आढळले.

३/ हे अंश पृथ्वीवर उपकरणे धुताना राहिलेल्या द्रावकांचे ठरवण्यात आले. मंगळ कोरा ठरला.

४/ मे २००८ मध्ये फीनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरले. तिथल्या मातीत सुमारे अर्धा टक्का पर्क्लोरेट निघाले. रॉकेटच्या घन इंधनात ऑक्सिजन पुरवण्यासाठी याच वर्गातले क्षार वापरतात. थंडीत ते स्वस्थ असतात. तापले की शेजारचे सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतात. जे शोधायचे, तेच व्हायकिंगच्या भट्टीत जळत असेल तर?

५/ मेक्सिकोचे राफाएल नवारो-गोन्सालेस आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील मातीत त्यांनी एक टक्का मॅग्नेशियम पर्क्लोरेट मिसळले आणि ती तापवली. बहुतेक सेंद्रिय द्रव्य जळाले. मागे उरले तेच दोन क्लोरीनयुक्त रेणू. हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला, व्हायकिंगनंतर ३४ वर्षांनी.

६/ व्हायकिंगच्या रेणू-विश्लेषण गटाचे प्रमुख क्लाउस बीमन यांना हा अर्थ मान्य नव्हता. त्यांचा आक्षेप जमेस धरला तरी ‘सिद्ध’ हा शब्द उरत नाही. पुढे २०१८ साली, क्युरिऑसिटीला सुमारे ३ अब्ज वर्षे जुन्या चिखलखडकात सेंद्रिय रेणू आढळल्याचे जाहीर झाले. सेंद्रिय रेणू म्हणजे जीवसृष्टी नव्हे, हेही तितकेच खरे.

७/ ‘१९७६ साली मंगळावरचे पर्क्लोरेट कोणाला ठाऊक होते?’ कोणालाच नाही. म्हणूनच तेव्हाच्या शास्त्रज्ञांना दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. परंतु माती, क्षार आणि भट्टी यांसाठी मंगळावर जावे लागत नाही. निरनिराळ्या क्षारांसह माती तापवून मिळालेल्या नोंदी हाताशी असत्या, तर ते दोन रेणू इतक्या सहज निकालात निघाले नसते.

८/ यान केवळ आकडे पाठवते; त्यांचा अर्थ प्रयोगशाळेतील तुलनेने लागतो. उड्डाणाला टाळ्या मिळतात, त्या तुलनेला नाहीत. आणि ज्याला टाळ्या नाहीत, त्याला निधी मागताना झगडावे लागते. इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये. ‘सेंद्रिय द्रव्य नव्हते’ असे न लिहिता ‘त्या पद्धतीने तापवल्यावर सापडले नाही’ असे लिहावे. दोन वाक्यांतला फरक कळायला ३४ वर्षे लागली आहेत.