दहावीचा वगळलेला धडा

पालक-सभेत दोन-तीन पालकांनी आम्हाला विचारले की, जो धडा परीक्षेत येत नाही तो शाळेत शिकवता कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे असे आम्हाला वाटते.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता एवं जैव विकास’ असा पाठ होता. 2023 च्या पुस्तकात नुसती ‘आनुवंशिकता’ राहिली, उत्क्रांती गेली. बोजा कमी करणे हे कारण सांगितले गेले. देशातल्या अठराशेहून जास्त वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी पत्र लिहून हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय ठेवला होता हे खरे, पण आपली किती मुले अकरावीत जीवशास्त्र घेतात? कॉमर्स घेणाऱ्या मुलाच्या कानावर हा विषय आयुष्यात पुन्हा येणार नाही. त्याला डार्विनबद्दल एवढेच ठाऊक राहील की ‘माणूस माकडापासून झाला असे कोणी इंग्रज म्हणाला’. आणि डार्विन तसे म्हणालेला नाही! आजची माकडे आपली पूर्वज नव्हेत, फार लांबची भावंडे आहेत. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, आपल्यात 23. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झाले आहे आणि त्या जोडाची खूण त्यात अजून दिसते.

‘हा तर नुसता सिद्धांत आहे’ असेही एक पालक म्हणाले. विज्ञानात सिद्धांत म्हणजे अंदाज नव्हे. त्याची पडताळणी कशी होते याचे एक उदाहरण देतो, आणि ते मुद्दाम आपल्या देशातले घेतले आहे.

देवमासा पाण्यात राहतो, पण हवा घेतो, पिलांना दूध पाजतो. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत. पण कोणते? हाडे तपासणाऱ्यांचे मत होते की लांडग्यासारखा दिसणारा, आता नामशेष झालेला एक मांसाहारी वंश. 1990 नंतर डीएनए तपासणारे म्हणू लागले की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, म्हणजे मूळ गाय-बकरी-हरणांच्या गटातले. हाडवाल्यांना हे पटेना. मग 2001 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक-गटांना पाकिस्तानात पुरातन देवमाशांची घोट्याची हाडे मिळाली. गाय-बकरीच्या गटात हे हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे असते, दुसऱ्या कोणत्याही गटात तसे नसते. या देवमाशांचे हाड अगदी तसेच निघाले, आणि जुने मत सोडावे लागले.

पुढची कडी जम्मू-काश्मीरची. तिथल्या कालाकोट भागात भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी खडक गोळा केले होते आणि 1971 मध्ये ‘इंडोहायस’ या प्राण्याचे नाव प्रसिद्ध केले होते. बाकीचे खडक न फोडताच राहिले. रंगा राव वारल्यावर त्यांच्या पत्नीने ते जपले (आमच्या मते या कथेतले हे सर्वांत मोठे काम!) आणि पुढे अमेरिकेतील संशोधक थेविसन यांच्या हाती दिले. खडकातून कवटी काढताना कानाचे हाड चुकून तुटले. आतली भिंत एका बाजूला जाड होती. अशी जाडी देवमाशांच्या कानाची खास ओळख आहे. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झाले. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा जीव मांजराएवढा, लहान हरणासारखा, पाण्यात उतरून चालणारा होता. तो देवमाशाचा बाप नव्हे, चुलत म्हणावा. कच्छमध्येही पुरातन देवमाशांचे अवशेष आहेत. अशोक सहानी व व्ही. पी. मिश्र यांनी 1975 मध्येच त्यांचे वर्णन केले होते.

हाड एकाने तपासले, डीएनए दुसऱ्याने, खडकाचे वय तिसऱ्याने, आणि तिघांचा हिशेब जुळला. मुलांनी हेच बघावे असे आम्हाला वाटते. गुण मिळोत की न मिळोत, ‘तुमच्याजवळ पुरावा काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना दहावीतच लागायला हवी. यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. घरी देवपूजा करणारे शिक्षकच हा धडा शिकवणार आहेत.

तेव्हा दहावीच्या दोन्ही वर्गांना हा पाठ दिवाळीनंतर चार शनिवारी, शेवटच्या तासाला शिकवला जाईल. त्यावर परीक्षा नाही. विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. आपल्या इंदूरहून धार जिल्ह्यातले बाग एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. त्या परिसरात डायनासोरची घरटी व अंडी सापडली आहेत. 2022 मध्ये तिथल्याच एका अंड्याच्या आत दुसरे अंडे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हा प्रकार तोपर्यंत फक्त पक्ष्यांत माहीत होता. एका बसचा खर्च मंजूर व्हावा. पालकांसाठी संमतिपत्रक या अंकासोबत जोडले आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी शनिवारच्या तासाला वर्गात येऊन बसावे, मागची दोन बाके रिकामी ठेवू.