हौशी अद्भुतलेखकाचे श्रम आणि त्यांचे मोल

कादंबरी लिहून झाली, प्रकाशक मिळाला नाही, म्हणून हस्तलिखित कपाटात पडून राहिले, ही मागच्या पिढीतील हौशी लेखकाची नित्याची कहाणी होती. आजच्या हौशी लेखकाचे हस्तलिखित कपाटात राहत नाही. मंत्रविद्या, राक्षस आणि नकाशावर नसलेली राज्ये यांची शेकडो पानांची कथा तो प्रकरणाप्रकरणाने इंटरनेटवर ठेवतो, आणि नायिकेचा घोडा तिसऱ्या प्रकरणात पांढरा होता, तो सातव्यात काळा कसा झाला, असे कोणी अनोळखी वाचक त्याला दुसऱ्याच दिवशी विचारतो. या व्यवहारात पैशाची देवघेव क्वचितच होते. म्हणून त्याकडे निव्वळ छंद म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही रीत अपुरी आहे. जेथे श्रम आहेत, उपभोग आहे आणि दोहोंच्या मध्ये कोणी तिसरा उभा आहे, तेथे मोलाचा प्रश्न टाळता येत नाही.

अप्रकाशित अद्भुतकथा वाचकांपुढे ठेवणे ही गोष्ट मुळात नवी नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन हे पेशाने भाषापंडित होते. कथाकार म्हणून ते प्रथम हौशीच होते. ‘द हॉबिट’चे हस्तलिखित १९३६ मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मेहनताना दिला. अप्रकाशित कथेच्या वाचकालाच पैसे मिळाल्याचे हे उदाहरण विरळा म्हटले पाहिजे. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणे टॉल्किन मित्रमंडळीत वाचून दाखवीत, आणि १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी गेलेल्या मुलाला ती टपालाने पाठवीत. हा ग्रंथ छापल्यास हजार पौंड बुडण्याचा संभव आहे असा अंदाज एव्हाना मोठ्या झालेल्या रेनरनेच वडिलांना कळविला होता. तेव्हा करार असा झाला की, खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काही नाही, त्यानंतर नफ्यात निम्मा वाटा. १९५४-५५ मध्ये ग्रंथ तीन खंडांत आला आणि या कराराने लेखकाचे भलेच झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जोखीम दोघांनी वाटून घेतली होती म्हणून लाभही दोघांनी वाटून घेतला.

आजच्या व्यवहारात जोखमीची वाटणी कशी आहे? अमेरिकेतील अँडी वीअर या संगणक प्रोग्रामरने ‘द मार्शियन’ ही कादंबरी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणशः विनामूल्य दिली. कथा अद्भुताची नव्हे, विज्ञानाची. परंतु मार्ग तोच. जाणकार वाचकांनी त्याच्या शास्त्रीय चुका दाखविल्या. वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये ती ९९ सेंटला ई-पुस्तक म्हणून विक्रीस आली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनगृहाने छापली, २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. ही कहाणी हौशी लेखकांना वारंवार ऐकविली जाते, आणि तीच त्यांची दिशाभूल करते. ज्या धंद्यात मोजक्यांना अफाट यश मिळते त्या धंद्यात तरुण माणसे आपल्या यशाची शक्यता नेहमी फुगवून धरतात, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले आहे. लॉटरीत बक्षीस मिळालेल्याचे नाव सर्वांना कळते. कोऱ्या तिकिटांची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

वाचकांनी स्वखुशीने पैसे द्यावेत, असाही एक उपाय सुचविला जातो. स्टीफन किंगसारख्या जगप्रसिद्ध लेखकाने २००० साली ‘द प्लँट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने इंटरनेटवर देऊन तो करून पाहिला. पहिल्या हप्त्याला एक डॉलर, आणि शंभरातील पंचाहत्तर वाचकांनी पैसे भरले तरच पुढचा हप्ता, अशी त्याची अट होती. आरंभी लोकांनी इमानाने पैसे भरले. पुढे ते प्रमाण घसरत निम्म्याच्याही खाली गेले आणि सहा हप्त्यांनंतर कादंबरी अर्धवट राहिली. तरीही त्यातून चार लाख डॉलरहून अधिक निव्वळ प्राप्ती झाल्याचे त्याने जाहीर केले होते. किंगला जे प्रमाण अपयश वाटले ते नवख्या लेखकाला स्वप्नातही मिळणार नाही. आणखी एका वाचकाला प्रत देण्याचा खर्च जेथे शून्यावर येतो, तेथे किंमतही शून्याकडेच ओढली जाते. हा वाचकांच्या नीतीचा दोष नव्हे, वस्तूच्या स्वरूपाचा आहे.

परंतु किंमत शून्य झाली म्हणून मूल्य नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे साठते. कोठे, हे पाहण्यासाठी ‘वॉटपॅड’चे उदाहरण पुरेसे आहे. २००६ मध्ये सुरू झालेली कॅनडातील ही कंपनी दक्षिण कोरियाच्या ‘नेव्हर’ उद्योगाने २०२१ मध्ये साठ कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. यंत्रणा, कर्मचारी आणि कल्पकता यांचा त्या किमतीत वाटा होताच. तथापि, हौशी लेखकांनी बहुतांशी विनामोबदला लिहिलेल्या कथा आणि त्यांभोवती जमलेले कोट्यवधी वाचक वजा केले, तर विकण्याजोगे कितीसे उरले असते? जमिनीची मशागत कुळाने करायची आणि वाढलेला भाव मालकाने घ्यायचा, हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. फरक इतकाच की, येथील कुळाला आपण कूळ आहोत याची जाणीवही नसते.

‘अप्रकाशित’ या शब्दातही एक फसगत दडलेली आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार कृती जनतेपर्यंत पोहोचविणे हेही प्रकाशनच होय. त्यासाठी कागदावर छापलेच पाहिजे असे नाही. परदेशांतील पुष्कळ कथा-मासिके इंटरनेटवर खुली ठेवलेली कथा आधीच प्रकाशित झालेली मानून परत करतात. म्हणजे लेखक ज्याला कच्चा खर्डा समजतो तो व्यवहारात प्रथम प्रकाशनाचा हक्क खर्ची घालून बसलेला असतो. मोजक्या सदस्यांच्या बंदिस्त मंडळात अभिप्रायासाठी कथा वाचायला देणे आणि ती चव्हाट्यावर मांडणे, यांतील भेद नवोदितांना कोणी समजावून सांगत नाही.

मराठीत हा प्रश्न परका राहिलेला नाही. बंगळूरच्या ‘प्रतिलिपि’सारख्या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मंचावर मराठी कथामालिका मोठ्या संख्येने लिहिल्या जातात, आणि त्यांत भुताखेतांच्या व अद्भुताच्या कथांना चांगली मागणी आहे. हप्त्यांनी कादंबरी देण्याची मराठीची परंपराही जुनी आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. मात्र ‘करमणूक’ हे पत्र आपट्यांचे स्वतःचे होते. लेखणी ज्याची, मंचही त्याचाच! आजच्या लेखकाचा मंच दुसऱ्याचा असतो, आणि तो केव्हा गुंडाळला जाईल याचा नेम नसतो. ॲमेझॉनने २०२१ मध्ये सुरू केलेली ‘किंडल वेला’ ही हप्तेवारी कथांची योजना २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली.

सुदैवाने, येथील कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. कॉपीराइटसाठी नोंदणी आवश्यक नाही. हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरती. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर करारसमयी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, हस्तांतरित होत नाहीत असेही ठरविले. परंतु या बहुतेक तरतुदी करार मुका असेल तेव्हाच कामी येतात. वकिलांनी तयार केलेला करार मुका नसतो, आणि हौशी लेखक तो न वाचता मोबाइलवर एका बोटाने मान्य करतो.

म्हणूनच हे काम एकट्या-दुकट्या लेखकावर सोडण्याजोगे नाही. महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थांनी नवोदितांसाठी काव्यवाचनाचा आणखी एक कार्यक्रम ठेवण्याऐवजी सोप्या मराठीत आदर्श कराराचा एक मसुदा प्रसिद्ध करावा. हक्क किती मुदतीसाठी दिला, चित्रपट व ध्वनिपुस्तक त्यात येतात की नाही, जाहिरातीच्या व वर्गणीच्या उत्पन्नातील वाटा किती, आणि मंच बंद पडल्यास किंवा विकला गेल्यास कथेचे व तिच्या वाचकांच्या यादीचे काय, ही चार कलमे त्यात असली तरी सुरुवातीस पुरे. दिवाळी अंकांच्या संपादकांनाही, एकदा इंटरनेटवर आलेली कथा घ्यायची की नाही आणि घेतल्यास मानधन किती, हे धोरण अंकाच्या निवेदनातच छापता येईल. त्याला खर्च काहीच नाही.