झाकली मूठ कशाला?

अमरावतीचा जितेश शर्मा किंवा अकोल्याचा अथर्व तायडे क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये हवा असेल, तर वऱ्हाडातल्या पोरांना तो बहुधा स्वतःच घडवावा लागतो. नाव, चेहरामोहरा, फटक्यांची ढब, सगळंच.

खेळाडू घडवायची ही सोय मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ बाजारात येण्याआधीच चाहत्यांच्या हाती दिली. लोकांनी संघच्या संघ उभे केले, एकमेकांना वाटले.

त्याच शहरातल्या ट्रिकस्टार कंपनीचा ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’ हा गेम मात्र तारखा पुढे ढकलत नोव्हेंबरात आला. काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला, गिऱ्हाइकांचे पैसेही परत करावे लागले.

तेव्हा गेम बनवणाऱ्यांनो, नव्या गेमची तारीख गुलदस्त्यात ठेवा हवी तर. पण चकचकीत ट्रेलरऐवजी चालू खेळाची दहा मिनिटं दाखवा. यष्टिरक्षक चेंडू पकडतो की नाही, एवढं तरी आधी कळू द्या!