तेल घालायच्या दहा मिनिटांची मजुरी कोण देणार?

टिटवाळा-मांडा भागातून रोज सकाळी कितीतरी कारागीर रोजीसाठी बाहेर पडतात. कुणी आंबिवली मागे टाकून शहाडला उतरतो आणि उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात जातो. कुणी कल्याणला उतरून भिवंडीच्या यंत्रमागांची वाट धरतो. ज्यांचे काम गावातच आहे त्यांच्याकडे लेथ आहे, पिठाची गिरणी आहे, रिक्षा दुरुस्तीचे गॅरेज आहे. धंदे निरनिराळे असले तरी एक गोष्ट सर्वांना सारखीच लागू आहे. यंत्र फिरले तरच घर चालते, आणि यंत्र फिरते ते तेलावर.

तरीही कोणत्याही लहान कारखान्याची खर्चाची वही उघडून पाहावी. सूत, वीज, मजुरी, भाडे, बँकेचा हप्ता यांना स्वतंत्र रकाने असतात. तेल मात्र चहा आणि झाडू यांच्या शेजारी 'किरकोळ' या सदरात बसलेले दिसते. आमच्या मते आपल्या लहान उद्योगाचे बरेचसे नुकसान या एका शब्दातून सुरू होते. खर्च किरकोळ, म्हणून कामही किरकोळ, आणि जे किरकोळ ते कुणाचेच नाही.

वंगण नेमके काय करते, हे आधी समजून घेऊ. घासूनपुसून गुळगुळीत केलेला शाफ्टसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा खडबडीत दिसतो. दोन धातू एकमेकांवर घासले की या डोंगरांची टोके एकमेकांत अडकतात, तापतात, तुटतात. तुटलेला कण पुढे कानशीसारखा काम करतो आणि झीज वाढतच जाते. मध्ये तेलाचा पातळ पडदा असेल तर धातूला धातू लागत नाही. घसरायचे ते तेलाचे थर एकमेकांवर घसरतात.

याचा शोध रेल्वेच्या आसावर लागला, हे आपल्यासारख्या लोकलवर जगणाऱ्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या वरच्या बाजूला तेल घालण्यासाठी त्यांनी एक छिद्र पाडले. पण आस फिरू लागताच छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. छिद्रात बूच ठोकले, तर तेलाने तेही बाहेर ढकलले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखे खाली घुसवतो आणि त्या दाबावर सगळा भार तरंगतो, हे त्यातून उमगले. पुढे १८८६ साली ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आजही बुश-बेअरिंगची रचना त्याच पायावर होते.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ही तेलाची पाचर टिकते ती गतीवर. शाफ्ट एका दिशेने सतत फिरत असेल तर पडदा शाबूत राहतो. यंत्र सुरू होताना आणि थांबताना तो फाटतो, आणि झीज त्याच वेळी सर्वांत जास्त होते. यंत्रमागावर फणी घेऊन पुढेमागे होणारा भाग, धोट्याला ठोसा देणारी पिकिंग स्टिक, शिलाई मशीनमध्ये वरखाली होणारा सुईचा दांडा हे सगळे क्षणोक्षणी थांबतात आणि उलट फिरतात. दिशा बदलण्याच्या प्रत्येक टोकाशी तिथला पडदा विरळ होतो. शिवाय बहुतेक जुन्या मागांवर हे सांधे उघडे असतात. कापसाची फुगडी त्यांच्यावर बसते आणि वातीसारखे तेल शोषून घेते. म्हणून अशा यंत्रांना महिन्यातून एकदा भरपूर तेल देऊन भागत नाही. थोडे थोडे, पण वेळच्या वेळी, आणि आधी फुगडी पुसून द्यावे लागते. तेलाने भिजलेली फुगडी आगीलाही आमंत्रण देते, हा धोका वेगळाच.

मग हे वेळच्या वेळी का होत नाही? कारागीर आळशी आहे, असे मालक म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. मागावरचा विणकर मीटरवर मजुरी घेतो, शिलाईवाला नगावर घेतो. माग दहा मिनिटे बंद ठेवून तेल घातले तर ती दहा मिनिटे त्याच्या खिशातून जातात. झिजलेला बुश मात्र मालकाच्या पैशाने येतो. ज्याच्या हातात तेलाची कुप्पी आहे त्याला तेल घालण्यात तोटा, आणि ज्याला फायदा तो तेथे हजर नाही. अशा व्यवस्थेत तेल पडणार कसे?

आमचे म्हणणे सरळ आहे. तेल घालणे हे काम आहे, आणि कामाची मजुरी द्यावी. बारा तासांच्या पाळीत ७२० मिनिटे असतात. त्यातली १० मिनिटे म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. पाळी सुरू होण्यापूर्वीची ही दहा मिनिटे मालकाने ठरावीक रकमेने भरून द्यावीत. एक तेलाची वही ठेवावी. तीत यंत्राचा क्रमांक, कोणत्या जागी कोणते तेल, कोणी आणि कधी घातले, एवढेच लिहावे. जुम्याची सुट्टी असलेल्या कारखान्यात आदल्या रात्री यंत्र बंद झाल्यावर जॉबरने सांधे पुसून तपासावेत. त्यालाही त्याचा मोबदला मिळावा.

धंद्यात मार्जिनच उरले नाही, हा नवा खर्च कोठून काढायचा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सूत महाग आणि ग्रे कापडाला भाव नाही, हे रडगाणे खोटे नाही. पण हा खर्च नवा नाही. तो आजही होतच आहे, फक्त दुसऱ्या नावांनी. कधी 'दुरुस्ती' म्हणून, कधी वाढलेले 'वीजबिल' म्हणून, कधी कापडावरच्या तेलाच्या डागापायी व्यापाऱ्याने कापलेल्या पैशांच्या रूपाने. ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. वंगणाची नीट व्यवस्था केली तर देशाच्या उद्योगाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. त्यांच्या मते जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के केवळ घर्षणावर मात करण्यात जाते. मोठमोठ्या राष्ट्रांना जी गळती परवडत नाही ती चोवीस मागांच्या कारखान्याला कशी परवडेल?

तेल कोणते घालावे, याबाबतही आपल्याकडे बेफिकिरी आहे. गॅरेजमधून निघालेले जळके काळे ऑइल स्वस्तात मिळते म्हणून ते मागाच्या गिअरवर ओतले जाते. त्यात काजळी, आम्ल आणि इंजिनच्या झिजेचा धातूचा चुरा असतो. आपण वंगण म्हणून कानसच ओतत असतो. ते सतत त्वचेला लागणे अपायकारकही आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार असे तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. गॅरेजवाल्या बंधूंनी ते मागावर किंवा गटारात जाऊ देऊ नये.

घरगुती शिलाई मशीनमध्ये खोबरेल घालण्याची सवयही सोडावी. ते हवेत चिकट होते, आणि २४ अंशांच्या आसपास गोठू लागते. थंडीच्या सकाळी मशीन जड का चालते, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते. रॉकेलने मशीन धुणे ठीक, पण त्यानंतर कोरडे करून मशीनचे तेल दिलेच पाहिजे.

यंत्रतेलाच्या डब्यावर २२, ३२, ४६, ६८, १०० असे आकडे असतात. ४० अंश तापमानाला तेल किती दाट आहे, हे ते सांगतात. हलक्या, वेगवान भागाला पातळ तेल आणि जड, संथ भागाला दाट तेल, हा ढोबळ नियम. इंजिन ऑइलवरचा ४० हा आकडा वेगळ्या मापाचा आहे. ते तेल यंत्रतेलाच्या ४६ हून खूपच दाट असते. ग्रीसच्या बाबतीत उलट चूक होते. जास्त तेवढे चांगले, असे समजून मोटरचे बेअरिंग ठासून भरले जाते. मग ग्रीस घुसळून तापते. बेअरिंगमधली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरावी, आणि दोन जातींची ग्रीस एकत्र करू नये. बेकरीच्या कणीक मळण्याच्या यंत्रात किंवा खिम्याच्या मशीनमध्ये, जेथे थेंब अन्नात पडू शकतो, तेथे खाद्ययंत्रांसाठीचेच वंगण मागून घ्यावे. ते कशापासून बनले आहे, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

काळू नदीकाठच्या आपल्या भागात पावसाचाही विचार हवा. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण परिसरात काय केले, ते लोक विसरलेले नाहीत. तेलात पाणी शिरले की ते दुधासारखे पांढुरके दिसते, त्याचा पडदा कमकुवत होतो आणि बेअरिंग गंजते. पाणी ओसरल्यावर घाईने बटण दाबू नये. जुने तेल काढावे, धुवावे, वाळवावे, नवे भरावे, मोटर तपासून घ्यावी, मगच यंत्र सुरू करावे.

तेलाचा धंदा करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनाही विनंती आहे. सुटे, बिननावाचे तेल विकू नका. कोणत्या यंत्राला कोणता आकडा, याचा मराठीत एक तक्ता दुकानात लावा. त्याने दोन डबे कमी विकले जातील, पण गिऱ्हाईक टिकेल.

येत्या महिन्यात मालकांनी एवढेच करून पाहावे. वहीतला तेलाचा खर्च 'किरकोळ' मधून काढून त्याला स्वतःचा रकाना द्यावा, आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना उघडावा, 'तेल घालण्याची मजुरी'. सहा महिन्यांनी दुरुस्तीचा रकाना त्याच्याशी ताडून पाहावा. बरकत कोणत्या बाजूला आहे, ते वहीच सांगेल.